दुसरा अर्धा

१

अभ्याससहलीला कोण जाणार, हा विषय आमच्या विभागात निघाला की एकाची कंबर धरते, दुसऱ्याच्या सासूचं ऑपरेशन निघतं आणि विभागप्रमुखांना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागतं. मग मी म्हणते, "जाते मी." हे मी इतकी वर्षं म्हणत आलेय की हल्ली कुणी विचारतही नाही. हातोड्यांच्या पेटीची किल्ली थेट माझ्या टेबलावर येऊन पडते.

भूशास्त्र शिकवणारी बाई म्हटली की लोकांना वाटतं, काटक असणार. मला चढताना बोलता येत नाही आणि उतरताना गप्प बसवत नाही. गुडघे वाजतात. चष्मे दोन आहेत, एक दगड बघायला आणि दुसरा पहिला कुठे ठेवला ते शोधायला. त्यात डावं-उजवं मला अजूनही पटकन कळत नाही. "डावीकडे वळा" असं मी म्हटलं की मुलं माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतात.

या वर्षी त्या मुलांमध्ये माझी मुलगीही होती.

"एक सांगून ठेवते," निघायच्या आधी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तिथे मी तुला मॅडम म्हणणार. अहो-जाहो करणार. आणि तू मला सगळ्यांसमोर बाळा-बिळा म्हणालीस ना, तर मी बसमधून उडी मारीन."

"चालत्या?"

"आई!"

"बरं बाई. मॅडम तर मॅडम."

हसण्यावारी नेलं मी. पण सहलीहून परतल्यावर ती तिच्या बाबांकडे राहायला जाणार होती. कायमची. तिच्या बाबांचं नवं घर, नवी बायको, आणि तिच्यासाठी बाल्कनीची खोली. बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. मी त्यांना वळसा घालून चहाचे कप नेत होते.

"मी काही भांडून जात नाहीये," ती म्हणाली होती. "पण तुझ्याजवळ राहिलं ना, की तू सारखी माझी माफी मागतेयस असं वाटत राहतं."

यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, "सॉरी."

तिचं मन वळवायला माझ्या हातात ही सहल तेवढी उरली होती. दगड फोडता फोडता आपण बोलू, असं मला वाटत होतं. माझ्या डोक्यात काहीही येतं.

२

खाण कधीची बंद पडलेली. भोवती तारेचं उंच कुंपण, एकच फाटक आणि त्याच्या चाव्या बाळगणारा एक पहारेकरी. जुन्या कचेरीत आमची राहायची सोय होती. लोखंडी खाटा, भिंतीत खुंट्या, आणि कितीही पुसली तरी पांढरी भुकटी धरणारी खिडकीची काच. खिडकीतून खाली बघितलं की खाण दिसायची, मोठमोठ्या पायऱ्यांनी आत आत उतरत गेलेली.

तिथला दगड राखाडी आणि पापुद्र्यांचा. एके काळी तिथे तळं होतं. वर्षाला गाळाचा एक थर, नखाच्या जाडीचा, असे लाखो थर. तळाशी हवा पोचत नव्हती, त्यामुळे वरून जे पडलं ते कुजलंच नाही. पानं, किडे, बोटभर लांबीचे मासे. फार शांत तळं असणार. इतकं की त्याच्या तळाशी राहायला कुणालाच जमलं नाही, नुसतं पडून राहायला जमलं.

काम सोपं असतं. लादी उभी धरायची, कडेला छिन्नी लावायची आणि हलकं हलकं ठोकायचं. दैव बरं असेल तर ती वहीसारखी उघडते. एका अर्ध्यावर मासा आणि दुसऱ्यावर त्याच माशाचा ठसा, आरशात असावा तसा. इकडचा डावीकडे बघत असेल तर तिकडचा उजवीकडे.

माझा नियम एकच. दोन्ही अर्धे आणायचे. एकावर जे निसटलेलं असतं ते दुसऱ्यावर राहिलेलं असतं. एक टाकून येणाऱ्याला मी परत पाठवते. आणि हो, दुसरा नियम, खालच्या पायऱ्यांवर कुणी एकट्याने जायचं नाही, जोडीदार घेऊनच जायचं. म्हणजे नियम दोन झाले. मोजण्यातही माझी बोंबच आहे.

माझ्या मुलीची जोडीदार होती रेडिओ. ही पोरगी झोपेतसुद्धा बातम्या देते म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात.

"मॅडम, भिंग द्या." "मॅडम, पाणी संपलंय." माझी मुलगी हे इतक्या सफाईने म्हणत होती की पहिल्याच दिवशी माझी खात्री पटली, हिला हे आवडतंय.

"मॅडम, ही घरीपण तुम्हाला मॅडमच म्हणते का हो?" रेडिओने विचारलं.

"घरी बोलायची वेळच येत नाही," माझी मुलगी म्हणाली.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

३

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत काम, मग सामान बांधायचं आणि निघायचं, असं ठरलं होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने हातातली लादी पुढे केली.

मासा सुरेख होता. शेपटीपर्यंत सगळा. खवला न् खवला मोजून घ्यावा असा. शेपटीच्या टोकाला एक बारीक खाच, जिवंतपणीच कुणीतरी चावा घेतल्यासारखी. मला अभिमानाने भरून आलं. तेवढंच म्हणायला हवं होतं मी.

"दुसरा अर्धा कुठाय?"

"टाकला."

"कुठे?"

"खाली फेकला. त्यात काही नव्हतं मॅडम, नुसता ठसा होता."

"नुसता ठसा? मग इतके दिवस मी घसा कशाला कोरडा करतेय?"

"अख्खा मासा आहे की यात. एक पुरे आहे."

"पुरे आहे की नाही ते मी ठरवणार."

तिने लादी माझ्या हातात ठेवली. मग अगदी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्हाला काहीच टाकवत नाही ना, मॅडम? बाबांचे बूटसुद्धा अजून दाराशी आहेत. पॉलिश करता तुम्ही त्यांना."

खाणीतली सगळी ठोकाठोक थांबली. रेडिओसुद्धा बंद पडला.

करते मी पॉलिश. चामडं कोरडं पडून तडकतं, म्हणून. पण हे मुलांसमोर कुठे सांगत बसू? माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता.

"खाली जा. दुसरा अर्धा मिळाल्याशिवाय वर यायचं नाही."

"मी येते हिच्याबरोबर," रेडिओ म्हणाली. तिच्या टाचेला बूट चावला होता, ती तो हातात घेऊन बसली होती.

"तू बस. फेकताना हिला जोडीदार लागली नव्हती."

माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने हातोडा पट्ट्यात खोचला आणि ती निघाली. तिचं पिवळं हेल्मेट एकेक पायरी उतरत गेलं आणि डबराच्या ढिगामागे नाहीसं झालं.

४

आपण चुकलो, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण हाक मारायची म्हणजे काय म्हणून मारायची, तेच ठरेना. नावाने मारली तर मॅडम हरल्या, बाळा म्हणून मारली तर तिने पुन्हा कधी तोंड बघितलं नसतं. मी छत्री धरून कड्याशी उभी राहिले आणि खाली बघत बसले. दुपारचं पांढरं ऊन होतं, कशालाच सावली नव्हती. वरच्या पायऱ्यांवर मुलं ठोकत होती. खालून काहीच येत नव्हतं, साधा खडा घरंगळल्याचासुद्धा आवाज नाही.

ती वर आली तेव्हा माझी पाठ होती. ती गेली त्या वाटेने आलीच नाही, पलीकडच्या अंगाने, माझ्या मागून आली.

"आई, मिळाला बघ!"

रेडिओने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी वळले. माझी मुलगी हसत होती. धुळीने माखलेली, घामेजलेली, आणि हसत होती.

"सॉरी गं," ती म्हणाली. "बुटांचं बोलायला नको होतं मी. सगळ्यांसमोर तर नकोच होतं."

मी विरघळले. माझं काय, दोन गोड शब्दांत मी विरघळते, तिच्या बाबांना हे फार लवकर कळलं होतं.

मी दगड हातात घेतला. तो ओला होता. थंड आणि ओला, विहिरीतून काढल्यासारखा. आम्ही इतके दिवस त्या खाणीत नुसती धूळ खात होतो.

"खाली पाणी आहे का गं?"

"छे. कोरडं ठाक आहे सगळं."

ती एका पोराला लादी फोडून द्यायला गेली. मी छत्रीच्या सावलीत बसून दोन्ही अर्धे शेजारी ठेवले. खवले तेच. शेपटीची खाच तीच. आणि दोन्ही मासे एकाच बाजूला बघत होते.

आधी मला माझंच हसू आलं. मी चष्मा बदलला. मग लहान मुलांना शिकवतात तसं केलं, ज्या हाताने जेवते तो उजवा. पहिला मासा डावीकडे बघतोय. दुसरा मासाही डावीकडे बघतोय. दुसऱ्याच माशाचा दगड असेल म्हणावं, तर एकाच जागी खाच कशी? मी दोन्ही अर्धे एकमेकांवर मिटून बघितले. ते मिटेनात. कुठेतरी काट्यावर काटा येत होता आणि वरचा दगड डुगडुगत होता.

ऊन लागलं असेल, म्हटलं. मी दोन्ही दगड वर्तमानपत्रात गुंडाळले आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

समोर ती ठोकत होती. छान, हलकं, एका लयीत. डाव्या हाताने. की उजव्या? ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. मी पुन्हा हिशेब करायला लागले आणि मग करायचा सोडला.

५

खोलीत ती माझी बॅग भरत होती. सांगितलं नव्हतं मी. माझे कपडे तिने नीट घड्या घालून रचले, ओला टॉवेल वेगळ्या पिशवीत घातला, औषधांचा डबा वर ठेवला. मी खाटेवर बसून बघत होते. गेल्या कित्येक महिन्यांत या मुलीने माझा चहाचा कपसुद्धा विसळला नव्हता.

"अशी काय बघतेस?" तिने विचारलं.

तिच्या भुवईत एक व्रण आहे. लहान असताना टेबलाची कड लागली होती, टाके घालताना मीच तिचं डोकं धरून बसले होते. डावी भुवई. आता ती समोर उभी होती आणि व्रण माझ्या डाव्या हाताकडे होता. समोरच्याचं डावं म्हणजे आपलं उजवं. म्हणजे मग तो तिच्या... मी उठले आणि तिच्या शेजारी, तिच्यासारखंच तोंड करून उभी राहिले.

"काय करतेस आई?" ती हसायला लागली.

"कंबर मोकळी करतेय."

फोनमध्ये सकाळचा आमचा फोटो होता. त्यात व्रण या बाजूला होता, पण तो सेल्फी होता, आणि सेल्फी उलटा येतो की सुलटा हे रेडिओने मला समजावून समजावून हात टेकलेत. मी फोन ठेवून दिला.

मग माझं लक्ष शर्टाकडे गेलं. निळा शर्ट, सहलीसाठी मीच आणलेला.

"कुणाचा शर्ट घातलायस?" मी चिडवल्यासारखं म्हटलं. "मुलांच्या शर्टाची बटणं आहेत ही. कोण आहे, सांग की."

"इश्श! माझाच आहे. तूच नाही का आणलास?"

शर्ट सुलटा होता. शिवण आत होती. खिशावरचा शाईचा डाग होता, पण खिसा पलीकडे होता.

माणसाचं डोकं अशा वेळी फार हुशारी करतं. ऊन. चाळिशी. हार्मोन्स. रात्री झोप नाही. मुलगी घर सोडून चाललीय, मग दुसरं काय होणार? मी स्वतःला इतकी चांगली कारणं दिली की परीक्षेत असती तर मी मलाच पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"आई," ती म्हणाली, "मी नाही जाणार बाबांकडे."

मी औषधांचा डबा उगाचच सरळ केला.

"घरी गेल्यावर बॅगा उघडून टाकू. बाबांना मी सांगते, तू नको बोलूस त्यांच्याशी. तुला सोडून कुठे जाणार मी?"

जे मला ऐकायचं होतं ते सगळं, शब्द न् शब्द. मी मनात घोकलं होतं तसंच. ती पुढे आली आणि तिने मला मिठी मारली.

आईला माहीत असतं. मूल छातीशी धरलं की त्याचं काळीज आपल्या रिकाम्या बाजूला वाजतं. आपलं एकीकडे, त्याचं दुसरीकडे. या मुलीला मी अशीच तासन् तास धरून फिरले आहे, तिची माझ्या कोणत्या बरगडीवर टकटक व्हायची हे मला झोपेतही सांगता येईल. तिथे आता काही वाजत नव्हतं. तिचं काळीज माझ्या काळजावरच वाजत होतं, नेमकं त्याच जागी, त्याच ठोक्याला, इतकं बरोबर की कुठला ठोका माझा हे मला कळेना.

मी हात सोडायला हवे होते. मी तिला आणखी घट्ट धरलं.

६

उन्हं कलायच्या आत घाट उतरायचा म्हणून ड्रायव्हरची घाई चालली होती. बस फाटकाबाहेर उभी होती. पेट्या चढल्या, दगड चढले, मुलं चढली. मी आत जाऊन एकेका डोक्यावर बोट ठेवत मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. संख्या जुळत होती. ती माझ्याच सीटवर, खिडकीशी बसली होती, माझ्यासाठी जागा धरून.

पहारेकरी फाटकाशी कुलूप घेऊन उभा होता. मी दाराच्या पायरीवर आले.

"सगळे आले ना, बाई?"

"आले. मोजले मी."

"मग लावतो कुलूप. आता पुढच्या वर्षी तुम्ही याल तेव्हाच उघडायचं. मीपण गावाला चाललोय."

तेवढ्यात खालून आवाज आला. टक. टक. टक. लादीवर छिन्नी.

"मॅडम," मागून रेडिओ म्हणाली, "खाली कुणीतरी ठोकतंय."

"हातोडे सगळे पेटीत आहेत," एक मुलगा म्हणाला.

"मग भुताला मासा सापडला असेल," दुसरा म्हणाला, आणि सगळे खिदळले. रेडिओ हसली नाही. ती माझ्या शेजारच्या सीटकडे बघत होती.

पहारेकऱ्याने कान दिला. "खरंच की हो. बघून येऊ का खाली?"

"पडसाद असतो तो," मी म्हटलं. "दिवसभर ठोकलंय पोरांनी. अशा खाणीत बराच वेळ घुमत राहतं."

असं काही नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ते कळेल.

"असेल बुवा. तुम्ही शिकवता, तुम्हाला माहीत." त्याने साखळी ओढली.

ठोकणं थांबलं. मग हाक आली, लांबून, खालून, वैतागलेली.

"मॅडम! ओ मॅडम! मिळाला!"

तो वैताग मी वाढवलेला आहे. दूध पाजून, डबे भरून, शाळेच्या दारात उभी राहून. जगात तसा वैताग दुसऱ्या कुणाच्या आवाजात नाही. खाली उतरून बघून यायला कितीसा वेळ लागला असता? माझे गुडघे धरूनही फार नाही. आणि मग ती वर आली असती, तो दुसरा अर्धा माझ्या हातात आपटला असता, गाडीत सगळ्यांत मागे जाऊन बसली असती. आणि उद्या सकाळी दाराशी बॅगा नसत्या, तीही नसती.

मी आत येऊन बसले. तिने आपला हात माझ्या हातात दिला. थंड होता जरा.

"चला," मी ड्रायव्हरला म्हटलं.

बस हलली. चाकांखालून पांढरी धूळ उठली आणि मागची काच भरून गेली. मागच्या सीटवरचं कुणीतरी म्हणालं, कड्यावर कुणी उभं आहे का बघा रे, आणि दुसरं म्हणालं, गप रे, झाड आहे ते. मी वळून बघितलं नाही. त्या खाणीत एकही झाड नाही.

हाक पुन्हा आली. आता तिच्यात वैताग नव्हता. आणि आता ती मॅडम म्हणत नव्हती.

"आई!"

रेडिओ उठून उभी राहिली. "मॅडम," ती म्हणाली. तिचं बोट मागच्या काचेकडे होतं.

"बस खाली," मी म्हटलं. "गाडी वळणावर आहे."

"आईऽऽ!"

शेजारच्या मुलीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना ओल्या मातीचा वास येत होता.

"धूळ येतेय गं, आई," ती म्हणाली. "खिडकी लावू?"

"लाव, बाळा," मी म्हटलं.